हलक्या भिंती : मॅग्नेशिया आणि शेतातले काड

निपाणी, चिकोडी, संकेश्वर, बेळगाव ह्या पट्ट्यातील जुनी घरे ज्यांनी आतून पाहिली आहेत त्यांस हे सांगावयास नको, की ती एका कुटुंबासाठी बांधली गेली आणि आज त्यांत तीन-तीन कुटुंबे नांदत आहेत. खाली सोपा, माजघर, स्वयंपाकघर. वर लाकडी तुळ्यांवर फळ्या टाकून केलेली माडी. मुलांची लग्ने झाली, सुना घरात आल्या, की पहिला विचार माडीवर एक आडभिंत घालून दोन खोल्या करण्याचा येतो. गवंड्यास बोलाविले जाते, तो विटांचा हिशेब सांगतो आणि आठ-पंधरा दिवसांत माडीवर वीट चढू लागते. तुळई किती वर्षांची आहे, तिला वाळवी लागली आहे काय, ती किती भार पेलील, हे प्रश्न बहुधा कोणी विचारीत नाही.

तो हिशेब आपण येथे करून पाहू. दहा फूट लांब, दहा फूट उंच आणि नऊ इंच जाडीची विटांची भिंत म्हणजे सुमारे २.१ घनमीटर बांधकाम. एक घनमीटर वीटकाम गिलाव्याशिवाय साधारण १,९०० किलो भरते. म्हणजे ही एक भिंत सुमारे ४,००० किलोंची झाली. चार टन! उसाने भरलेली ट्रॉली कोणी आपल्या माडीवर चढवू देणार नाही. पण भिंतीचे वजन डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ते चढते. साडेचार इंची भिंत घातली तरी दोन टन होतातच.

भार हा केवळ तुळई मोडण्याचा प्रश्न नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारीला भूकंप झाला तेव्हा सुमारे ८,००० माणसे दगावली. भूकंपाने माणूस मरत नाही, अंगावर पडणाऱ्या घराने मरतो. लातूर-उस्मानाबादकडील त्या घरांच्या भिंती दोन-दोन फूट जाड, मातीत रचलेल्या दगडांच्या होत्या आणि वर मातीचे जड माळवद होते. आपला भाग कोयनेपासून फार लांब नाही, आणि ११ डिसेंबर १९६७ ची पहाट आठवणारी वडीलधारी माणसे अजून आपल्यात आहेत. म्हणून भिंत हलकी असावी ही काही कंत्राटदाराची चैन नव्हे.

हलकी भिंत आपल्याला नवी नाही. खानापूरच्या घाटाकडे कारवीच्या काठ्यांचा कूड घालतात, इकडे माळावर तुरकाट्यांचा. त्यावर माती, शेण आणि भुसा कालवून दोन्ही बाजूंनी लिंपतात. कुडाची भिंत चार इंचांहून जाड नसते आणि एकटा माणूस ती दिवसभरात उभी करतो. मातीत भुसा कशासाठी, असे विचारले तर म्हातारी बाई सांगेल, "नाहीतर भेगा पडतात." उत्तर बिनचूक आहे. वाळताना माती आकसते. काडीचे तुकडे तिला धरून ठेवतात आणि भेग जेथे सुरू होते तेथेच अडवितात.

हे ज्ञान किती जुने आहे ह्याचा एक सुंदर पुरावा आपल्याच महाराष्ट्रात सापडला. वेरूळच्या लेण्यांतील मातीच्या गिलाव्याचे नमुने तपासून राजदेव सिंग आणि मि. म. सरदेसाई ह्या दोघा संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिले, की त्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे, म्हणजे हेम्पचे, तुकडे मिसळलेले आहेत. अजिंठ्याच्या गिलाव्यात दुसऱ्या वनस्पती होत्या आणि तेथील चित्रांचे किड्यांनी बरेच नुकसान केले. वेरूळला तसा किड्यांचा उपद्रव दिसत नाही. कोणते काड घालावे ह्याची निवड त्या कारागिरांनी जाणून केली असली पाहिजे. गंमत अशी, की फ्रान्समध्ये १९८० नंतर हेम्पच्या दांड्याचे तुकडे चुन्यात कालवून भिंती भरण्याची पद्धत नव्याने निघाली आणि आज तिचा युरोपभर बोलबाला आहे.

आता मूळ विषयाकडे वळू. काड हा भिंतीचा हलका भाग झाला. पण त्याला एकत्र धरून ठेवणारे काहीतरी हवे. त्याला बंधक म्हणू. माती हा सर्वांत स्वस्त बंधक, पण पाणी लागले की विरघळतो. चुना चांगला, पण त्याला पक्का होण्यास महिने लागतात. मग सिमेंट का नको? येथे एक अडचण आहे, आणि ती आपल्या उसाच्या मुलखात तर फारच जाणवते. सिमेंटला साखर चालत नाही. सिमेंटच्या वजनाच्या हजारात एक भाग इतकी साखर जरी पाण्यात उतरली तरी ते वेळेवर घट्ट होत नाही. उसाच्या चिपाडात साखरेचा अंश राहतोच. इतर झाडांच्या काड्यांतूनही साखर व डिंकासारखे पदार्थ पाण्यात उतरतात. शिवाय सिमेंट हे फार तीव्र अल्कली आहे. त्यात वर्षानुवर्षे दबून राहिलेला वनस्पतीचा तंतू ठिसूळ होत जातो. काड आणि सिमेंट ह्यांचा संसार नीट चालत नाही तो ह्यामुळे.

मॅग्नेशियाचा मात्र चालतो. मॅग्नेशिया हे नाव ऐकून काही वाचकांस औषधाच्या दुकानातील पांढरी बाटली आठवेल. ती आठवण चुकीची नाही. पोट साफ होण्यासाठी घेतात ते 'मिल्क ऑफ मॅग्नेशिया' म्हणजे ह्याच पदार्थाचे पाण्याशी झालेले संयुग होय. भिंतीसाठी लागतो तो कोरडा मॅग्नेशिया, मॅग्नेसाइट नावाचा पांढरा दगड भाजून करतात. हा दगड भारतात मुख्यतः तमिळनाडूत सेलमजवळच्या टेकड्यांत व उत्तराखंडात मिळतो. आपल्या कर्नाटकात म्हैसूर जिल्ह्यातही त्याच्या खाणी आहेत. सेलमच्या त्या टेकड्या इतक्या पांढऱ्या, की इंग्रजांनी त्यांस खडूच्या टेकड्या असेच नाव दिले.

मॅग्नेसाइट भाजण्यास सुमारे ७०० ते ८०० अंश सेंटिग्रेड उष्णता पुरते. चुनखडीला ९०० अंशांच्या आसपास लागतात आणि सिमेंटच्या भट्टीत तर १,४५० अंश. येथे एक बारकावा ध्यानात ठेवण्याजोगा आहे. मॅग्नेसाइट फार तापविला, १,५०० अंशांच्या वर नेला, तर मॅग्नेशिया 'मेलेला' निघतो. तो पाण्याशी जवळजवळ संयोगच पावत नाही. पोलादाच्या भट्ट्यांना आतून लावण्याच्या विटा अशाच मेलेल्या मॅग्नेशियाच्या करतात. भिंतीसाठी हवा तो हलका भाजलेला. तोही पोत्यात फार दिवस पडला तर हवेतील ओल आणि कार्बन डायॉक्साइड शोषून निकामी होतो. जुना माल कोणी स्वस्तात देऊ लागला तर तो का स्वस्त आहे ते यावरून समजावे.

ह्या पांढऱ्या पुडीत नुसते पाणी घालून दगड होत नाही. त्यात मॅग्नेशियम क्लोराइडचे द्रावण घालावे लागते. हा दुसरा पदार्थ समुद्रातून येतो. मिठागरात मीठ जमून खाली बसले की वर जे दाट, कडू पाणी उरते त्यात तो भरपूर असतो. गुजरातेत कच्छच्या छोट्या रणाच्या कडेला खाराघोडा येथे ह्या पाण्यापासून मॅग्नेशियम क्लोराइड काढण्याचा उद्योग जुना आहे. आणि १९५४ मध्ये भावनगरला स्थापन झालेल्या मीठ व सागरी रसायनांच्या केंद्रीय संशोधन संस्थेने ह्याच टाकाऊ पाण्याचा उपयोग कसा करावा ह्यावर पुष्कळ काम केले आहे.

ही जोडी प्रथम जमविली ती स्तानिस्लास सोरेल ह्या फ्रेंच इंजिनियराने, १८६७ मध्ये. म्हणून ह्या सिमेंटला सोरेल सिमेंट म्हणतात. हाच गृहस्थ लोखंडाला जस्ताचा मुलामा देण्याच्या युक्तीचाही जनक; १८३७ मध्ये त्याने तिचे पेटंट घेतले होते. आपल्या घरावरचा जस्ती पत्रा आणि हे सिमेंट ही एकाच डोक्यातून निघालेली भावंडे आहेत. भावंडांचे एकमेकांशी फारसे पटत नाही, ते पुढे येईलच.

सोरेल सिमेंट आपण पाहिलेच नाही असे कोणी समजू नये. गल्लीतल्या पिठाच्या गिरणीत जे काळसर दगड फिरतात, ते अनेक गिरण्यांत खाणीतून कोरून काढलेले नसतात. कुरुंदासारख्या कठीण खड्यांचा चुरा मॅग्नेशिया आणि मॅग्नेशियम क्लोराइडच्या द्रावणात कालवून साच्यात ओतलेले असतात. वर्षानुवर्षे गहू-जोंधळा दळून आणि वरचेवर टाकी खाऊनही ते फुटत नाहीत, एवढी ह्या बंधकाची पकड आहे. लाकडाचा भुसा घालून केलेल्या त्याच्या जमिनी जहाजांवर, कारखान्यांत आणि जुन्या कचेऱ्यांत होत्या. भारतीय मानकांत अशा जमिनींसाठी ६५७ व ६५८ क्रमांकांची मानके आहेत.

दगड होतो तो कसा? मॅग्नेशियाचे कण द्रावणात अर्धवट विरघळतात आणि त्यातून सुईसारखे बारीक स्फटिक उगवू लागतात. प्रत्येक स्फटिकात मॅग्नेशियाचे पाच भाग, क्लोराइडचा एक आणि पाण्याचे आठ भाग बांधलेले असतात. ह्या असंख्य सुया एकमेकींत गुंतत जातात आणि मध्ये सापडलेली काडी, भुसा, तूस, जे काही असेल ते घट्ट धरून ठेवतात. घोंगडीची लोकर कशी एकमेकींत अडकते, तसेच. काही तासांत ते घट्ट होते, आठवड्याभरात बरेच बळ येते. साखरेने ह्याचे सिमेंटसारखे बिनसत नाही, अल्कलीपण सौम्य असल्यामुळे तंतू जळत नाही. स्फटिकांत पाणी बांधलेले असल्याने आग लागली तर पहिली उष्णता ते पाणी उकळविण्यात खर्च होते. त्यामुळे काड आत असूनही तक्ता भडकत नाही, कडेने काळा पडून राहतो. शेजारी शेजारी स्वयंपाकघरे असलेल्या घरांत हा गुण लहान नव्हे.

ऑस्ट्रियात रोबेर्ट शेरर ह्याने १९०८ मध्ये लाकडाचे लांब, शेवयांसारखे तंतू भाजलेल्या मॅग्नेसाइटने बांधून तक्ते करण्याचे पेटंट घेतले. 'हेराक्लिथ' ह्या नावाने ते तक्ते युरोपभर खपले. वजन लाकडाहूनही कमी, आत हवाच हवा. म्हणून थंडी, ऊन आणि आवाज तिन्ही अडतात. लाकडी तंतूंच्या अशा तक्त्यांचे मानक आपल्याकडेही आहे.

पुन्हा आपल्या माडीवर येऊ. दहा बाय दहाची तीच आडभिंत अशा दोन इंची तक्त्यांची केली आणि तक्त्याचे वजन घनमीटरला ५०० किलो धरले, तर सारी भिंत सुमारे २३५ किलो भरते. वर बारीक गिलावा व लाकडी चौकट धरून चारशे म्हणा, पाचशे म्हणा. चार टनांच्या जागी अर्धा टन! उष्णता अडविण्यातही दोन इंचांचा हा तक्ता दीड फुटी वीटकामाच्या बरोबरीला येतो. मात्र ह्यावरून मातीची भिंत वाईट असे कोणी समजू नये. पांढऱ्या मातीच्या किंवा भेंड्याच्या जाड भिंतीत दिवसाचे ऊन साठून राहते आणि ते आत पोहोचेपर्यंत रात्र होते. हलक्या भिंतीला हा साठा करता येत नाही. पश्चिमेची, उन्हाची भिंत मातीचीच असू द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. हलकी भिंत शोभते ती आत.

मग आपल्याकडे कोणते काड वापरावे? पहिले नाव चिपाडाचे सुचते. सोलापूर जिल्ह्यात वेळापूरला चिपाडाचे तक्ते करण्याचा कारखाना निघाला; त्यात बंधक म्हणून मॅग्नेशिया नव्हे, कृत्रिम राळ वापरीत. परंतु चिपाड आता टाकाऊ राहिलेले नाही. साखर कारखाने ते जाळून वीज करतात आणि ती विकतात. भाताच्या तुसाचेही तसेच. त्याला विटांच्या भट्ट्यांत व बॉयलरांत गिऱ्हाईक आहे. तूस मात्र वस्तू म्हणून उत्तम. त्याच्या राखेचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत असते आणि ती राख बहुतेक सारी सिलिका, म्हणजे वाळूची सख्खी बहीण. म्हणून तूस सहसा कुजत नाही आणि लवकर पेटतही नाही. खरोखर वाया जाते ते उसाचे पाचट, जे आपण शेतात पेटवून देतो, आणि निपाणीच्या शिवारातील तंबाखूच्या काड्या. पाने वखारीत जातात, काड्या चुलीत. ह्या काड्या लाकडासारख्या कठीण असतात. त्यांत निकोटिन असते. ते पाण्यात उतरते, म्हणून काड्या कुटण्यापूर्वी भिजवून धुऊन घ्याव्या लागतील, ते पाणी गुरांच्या पाण्यात जाऊ देता कामा नये, आणि कुटताना तोंडाला फडके बांधावे लागेल. तंबाखूची धूळ म्हणजे काय हे ह्या गावातल्या बायकांना कोणी शिकवावयास नको. तुरकाट्या आणि कापसाच्या पऱ्हाट्याही चालतील. कडबा मात्र कोणी भिंतीत घालू नये. तो गुरांच्या तोंडचा घास आहे.

करण्याची रीत अवघड नाही. काड बोटाच्या पेराएवढे तोडून, चाळून धूळ काढावी. मॅग्नेशियम क्लोराइडचे द्रावण पाण्याच्या सुमारे १.२ पट जड होईल असे करावे. काड त्यात ओले करून निथळावे आणि वरून मॅग्नेशियाची पूड भुरभुरीत कालवीत जावे. प्रत्येक तुकड्यावर पांढरा लेप बसला पाहिजे, पण मधल्या फटी भरून जाता कामा नयेत. फटीतली हवा हीच तर आपली कमाई. मग साच्यात घालून दाबावे आणि एक दिवस तसेच ठेवावे. साच्यातून काढलेले तक्ते सावलीत दोन-तीन आठवडे उभे ठेवावेत. मे महिन्यात माल फार लवकर आवळतो, म्हणून काम पहाटे करावे. द्रावण हाताला झोंबते. रबरी हातमोजे घालावेत.

इथपर्यंत वाचून कोणास वाटेल, की इतकी गुणी वस्तू घरोघर का दिसत नाही? त्याचे कारण एका शब्दात सांगता येते : पाऊस. मॅग्नेशियम क्लोराइडला पाण्याची हाव आहे. पावसाळ्यात डब्यातल्या मिठाला पाणी सुटते हे प्रत्येक गृहिणी जाणते. मिठाला पाणी सुटावयास हवेत ७५ टक्के आर्द्रता लागते. मॅग्नेशियम क्लोराइडला ३३ टक्केच पुरतात. म्हणजे उन्हाळा सोडल्यास आपल्या हवेत ते नेहमीच पाणी ओढीत राहणार. स्फटिकांत नीट बांधले गेलेले क्लोराइड गप्प असते. पण प्रमाण चुकून जे मोकळे राहिले ते हवेतली ओल पिते, त्याचे खारे पाणी होते आणि तक्त्याच्या अंगावर घामासारखे थेंब येतात. तक्ता सतत ओला राहिला तर बांधलेले क्लोराइडही हळूहळू सुटू लागते आणि त्याची ताकद जाते. हे खारे पाणी लोखंडी खिळ्यास, स्क्रूस आणि जस्ती पट्टीस खाऊन टाकते. सोरेलच्या दोन भावंडांचे पटत नाही, ते असे.

ही नुसती पुस्तकी भीती नव्हे. डेन्मार्क हा थंड, ओलसर हवेचा देश. तेथे २०१० पासून पुढे हजारो घरांच्या बाहेरच्या अंगाला, वरच्या आच्छादनाच्या मागे वारा अडविण्यासाठी मॅग्नेशियाचे तक्ते बसविले गेले. हलके, स्वस्त, न जळणारे, बुरशी न धरणारे म्हणून ते घेतले होते. दोन-तीन हिवाळ्यांत तक्ते रडू लागले. 'रडणारे तक्ते' हेच नाव त्यांस पडले. खारे पाणी खाली ओघळले, स्क्रू गंजले, शेजारचे लाकूड भिजून बुरशी आली. २०१५ मध्ये तेथील इमारतींच्या नुकसानीची भरपाई पाहणाऱ्या संस्थेने जाहीर इशारा दिला आणि असे तक्ते हजारोंनी काढून टाकावे लागले. ध्यानात घ्या, त्या तक्त्यांवर पाऊस थेट पडत नव्हता. नुसत्या ओल्या हवेने ते झाले. बेळगावात वर्षाला १,२०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, खानापूरकडे त्याहून पुष्कळ अधिक, आणि जुलै-ऑगस्टमध्ये कपाटातले कपडेसुद्धा दमट लागतात. डेन्मार्कात जे झाले ते येथे होणार नाही असे मानण्यास मला काही आधार दिसत नाही.

हे सारे विस्ताराने सांगण्याचे कारण असे, की असे पांढरे, गुळगुळीत तक्ते आता बाजारात सर्वत्र मिळू लागले आहेत. त्यांस कोणी मॅग्नेशियम बोर्ड म्हणतो, कोणी एमजीओ बोर्ड, कोणी नुसते फायरप्रूफ बोर्ड. दुकानदार सांगतो : आग लागत नाही, वाळवी लागत नाही, पाणी लागले तरी काही होत नाही. पहिल्या दोन गोष्टी बहुतांशी खऱ्या आहेत. तिसरी तपासल्याशिवाय मानू नये. बादलीत तुकडा बुडवून दाखविला तर तो फुगत नाही हे खरे. पण चार तास बादलीत राहणे आणि चार महिने पावसाळ्यात राहणे ह्यांत फरक आहे.

तपासण्याची युक्ती दहावीच्या विज्ञानातली आहे आणि तिला खर्च जवळजवळ नाही. तक्त्याच्या मधला थोडा चुरा खरवडून परीक्षानळीत घ्यावा व त्यात ऊर्ध्वपातित पाणी घालावे. बॅटरीत घालण्यासाठी विकत मिळते ते चालते. नळाचे चालत नाही, कारण त्यातच क्लोराइड असते. हलवून, निवू देऊन वरचे स्वच्छ पाणी दुसऱ्या नळीत ओतावे. त्यात विरल नायट्रिक आम्लाचे काही थेंब आणि मग सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकावेत. दह्यासारखा पांढरा, दाट साका पडला तर तक्ता क्लोराइडचा आहे. किंचित धुरकट झाले तर क्लोराइड नावालाच आहे. हा प्रयोग शाळेच्या प्रयोगशाळेत, विज्ञानाच्या शिक्षकांसमोर करावा. आम्ल ते आम्लच, आणि सिल्व्हर नायट्रेटचे डाग बोटांवर आठवडाभर काळे राहतात. आपल्या मुलांना घरच्या वस्तूवर हा प्रयोग करावयास मिळाला तर त्यांना पाठ्यपुस्तकातला तो धडा वेगळा पाठ करावा लागणार नाही, हा वरचा लाभ.

क्लोराइडच्या जागी मॅग्नेशियम सल्फेट, म्हणजे एप्सम सॉल्ट, वापरून केलेले तक्तेही अलीकडे निघाले आहेत. त्यांची ताकद पूर्वी कमी पडत असे. सायट्रिक आम्लासारखे पदार्थ किंचित घातल्याने ती पुष्कळ सुधारली आहे. सल्फेट हवेतून तसे पाणी ओढीत नाही आणि खिळ्यांनाही तितके खात नाही. किंमत थोडी अधिक पडली तरी आमच्याकडच्या हवेला हेच बरे. वर सांगितलेल्या रीतीने घरी तक्ते करून पाहणाऱ्यांनीही सल्फेटचाच विचार करावा.

कोठे वापरावे आणि कोठे नाही, हे आता वाचकांच्या ध्यानात आलेच असेल, तरी दोन ठिकाणे नाव घेऊन सांगतो. बाहेरच्या भिंतीला, विशेषतः पश्चिमेच्या, जिच्यावर झड येते, हे तक्ते लावू नयेत. आपल्याकडे पावसाळ्यापूर्वी त्या भिंतीला भाताच्या काडाचे किंवा उसाच्या पाल्याचे तट्टे बांधण्याची चाल आहे. ज्या भिंतीला तट्टा बांधावा लागतो ती भिंत मॅग्नेशियाची नव्हे, एवढी खूण पुरे. दुसरे ठिकाण नदीकाठचे. ऑगस्ट २०१९ मध्ये वेदगंगेचे पाणी यमगर्णीजवळ महामार्गावर आले, वेदगंगा-दूधगंगेच्या काठच्या गावांत मातीची घरे बसली, आणि नव्या घरांचा विचार करणाऱ्यांस तेव्हापासून हलक्या भिंतींचे आकर्षण वाटू लागले आहे. त्यांनी जोते आणि पुराची खूण जेथवर आहे तेथवरची भिंत दगडाची किंवा पक्क्या विटेचीच ठेवावी. पुरात बुडालेला क्लोराइडचा तक्ता वाळला तरी पूर्वीचा राहत नाही. न्हाणीघराची भिंत ह्याच कारणाने वर्ज्य.

राहिली ती आपली माडीवरची आडभिंत. तेथे छप्पर वर आहे, पाऊस नाही, आणि भार कमी होण्याची गरज सर्वांत मोठी आहे. मिस्त्रीला काम देताना चार गोष्टी आधी सांगाव्यात. चौकट लाकडाची करावी, आणि शक्य असेल तर आडभिंत तुळयांना आडवी जाईल अशी घ्यावी, म्हणजे भार एकाच तुळईवर येणार नाही. स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच घ्यावेत; साधे किंवा जस्ती घेतले तर दोन पावसाळ्यांत डोकी तांबडी होतील. तक्त्याची खालची कड फळीला टेकवू नये, अर्धा इंच वर उचलून खाली सुकी लाकडी पट्टी द्यावी, कारण लादी पुसण्याचे पाणी तेथूनच चढते. आणि विजेच्या तारा तक्त्यास उघड्या न लावता नळीतून न्याव्यात. दोन्ही बाजूंस चुन्याचा पातळ हात दिला की श्वास घेणारी, पांढरीशुभ्र भिंत तयार होते. पहिल्या पावसाळ्यात, श्रावणाच्या सुमारास, एकदा सांध्यांवरून आणि स्क्रूंच्या डोक्यांवरून बोट फिरवून पाहावे. बोट कोरडे निघाले तर ठीक. ओले आणि चवीला कडवट खारट लागले, तर तक्ता कोठून आणला ती पावती शोधावयास घ्यावी.